जुना खर्ज, नवा पिकअप

आम्ही दोघी जावा, मिरजेच्या. आमच्या गावात सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची गल्लीच आहे, त्यामुळे बाई वाद्य घेऊन रिक्षात बसली तर कोणी वळून बघत नाही. आमच्या खोळीतून बास गिटार निघते तेव्हा मात्र बघतात. महिलांच्या वाद्यवृंदात आम्ही ती आलटूनपालटून वाजवतो. थोरली बोटांनी, धाकटी पिकने.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार, नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली. वाद्यवृंदाचा खर्जच तो. गाणं ऐकताना तिच्याकडे लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाण्याखालची सतरंजी कोणी ओढून घेतल्यासारखं वाटतं.

आमची बास मामंजींची. सत्तरच्या दशकात त्यांनी मुंबईत एका जहाजावरच्या वादकाकडून घेतलेली. जपानी बनावटीची, अमेरिकेतल्या फेंडर प्रिसिजनची नक्कल, नाव झिजून गेलेलं. मामंजी गेल्यावर ती बारा वर्षं कपाटावर होती. आम्ही ती खाली काढली आणि दोन वर्षं बरी चालली. मग गेल्या नवरात्रात ऐन कार्यक्रमात बारीक दोन तारांचा आवाज गेला आणि वर घूं-घूं सुरू झाली. दुरुस्तीवाल्या दादांनी उघडून सांगितलं, पिकअपचा अर्धा भाग मेलाय.

त्याच आठवड्यात पुण्याहून जुनी वाद्यं घेणाऱ्या एकांचा फोन आला. म्हणाले, "आहे तशी द्या, चाळीस हजार देतो. पण आत काही बदलू नका. पिकअप बदललात तर किंमत पडली." धाकटीचं म्हणणं, विकून टाकू, नवी बास येईल, वर पेडलही येईल. थोरलीचं म्हणणं, मामंजींचा आवाज विकायचा नाही. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त भाजीपुरतं बोललो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "विकायची तर विका, पण आधी नीट कान देऊन ऐका तरी."

मग आम्ही ऐकायला लागलो, आणि वाचायलाही.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाच्या छोट्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची वाजती तार थरथरली की या वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते, तीच पुढे अ‍ॅम्पमध्ये जाते. वेढे जास्त घातले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण त्याची चमक कमी होते. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत केला. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. दोन्ही एकमेकांच्या उलट जोडलेले, म्हणजे घरातल्या विजेची घूं-घूं एकाने उचलली की दुसरा ती खोडून टाकतो. आमच्यातला एक तुकडा गेला, म्हणून ती परत आली.

हे सगळं वाचताना एक नाव सापडलं आणि आमचं भांडण तिथेच मऊ झालं. अबिगेल इबारा. या बाई १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये फेंडरच्या कारखान्यात कामाला लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. काम काय, तर पिकअप गुंडाळणं. मशीन फक्त गरगर फिरायचं. तार किती ताणायची आणि कुठे सरकवायची, ते बोटं ठरवायची. त्यामुळे वेढे थोडे विस्कटलेले बसत आणि कुठलेच दोन पिकअप तंतोतंत सारखे होत नसत. आज जगभरचे वादक ज्याला 'विंटेज टोन' म्हणून लाखांनी पैसे मोजतात, त्यातला मोठा भाग या टेबलांवरचा आहे. वाजवणाऱ्यांची नावं रेकॉर्डवर आली. गुंडाळणाऱ्यांची फार उशिरा आली, तीही थोड्यांचीच. आमच्या जपानी गिटारीतली तार कोणी गुंडाळली ते कुठेच लिहिलेलं नाही.

पण विस्कटलेले वेढे म्हणजे चांगलेच वेढे, असंही नाही. हाताने केलेल्यात काही उत्तम निघतात, काही फुसके. आजची मशीन वेढे मोजून घालतात, आणि हवे तर मुद्दाम विस्कटूनही घालतात. शिवाय बॅटरीवर चालणाऱ्या बास आहेत. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून ती पद्धत खूप पसरली. गिटारीच्या पोटातच नऊ व्होल्टची बॅटरी, खर्ज आणि तीव्र स्वर वाढवायला वेगळे नॉब. आवाज स्वच्छ, ठळक. फक्त रात्री वायर जॅकमध्ये तशीच राहिली की सकाळी बॅटरी संपलेली. आमच्यासारख्या विसरभोळ्यांनी विचार करून घ्यावी.

आता दोन वादकांचं सांगतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन १९६२ ची प्रिसिजन वाजवत, उजव्या हाताच्या एकाच बोटाने. वरून गुळगुळीत असलेल्या 'फ्लॅटवाउंड' तारा ते वर्षानुवर्षं बदलत नसत. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंज होता, म्हणून स्वर गोल यायचा आणि पटकन मिटायचा. तिकडे लॉस एंजेलिसला कॅरोल के. मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही म्हणून त्यांनी बास उचलली आणि पुढे हजारो रेकॉर्डिंगमध्ये वाजवली. त्याही प्रिसिजनच वाजवत, पण पिकने, आणि तारांवर जाड बनातीचा तुकडा ठेवून. वाद्य एकाच जातीचं, आवाज दोन. मिरजेत हे कळायला अवघड नाही. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी घासत बसतो, भोपळा बदलत नाही.

तेव्हा आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. भिशीच्या पैशांतून साडेसहा हजारांचा नवा, बिनबॅटरीचा पिकअप आणला. आधी जुन्या पिकअपवर, शाबूत असलेल्या जाड दोन तारांवर थोरलीने एक चाल वाजवली आणि रेकॉर्ड केली. मग नवा पिकअप बसवून, त्याच जुन्या तारांवर, तीच चाल. मग धाकटीने पिकने. शेवटी खरखरीत, चकचकीत नव्या तारा लावून पुन्हा थोरलीने. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून कार्यक्रमाचाच स्पीकर घरात लावला आणि सासूबाईंना पाठ करून बसवलं.

पहिल्या दोन्हींना त्या म्हणाल्या, "हे त्यांच्यासारखं." कुठला जुना, कुठला नवा, ते त्यांना सांगता आलं नाही. खरं तर आम्हालाही सांगता आलं नसतं. नव्यात किंचित धार जास्त होती, ती टोनचा नॉब थोडा कमी केला की गेली. तिसऱ्याला लगेच, "ही धाकटी." चौथ्याला कपाळावर आठी. "हा कुठला बँडवाला?"

म्हणजे मामंजींचा आवाज म्हणून आम्ही जे जपत होतो, ते त्या पिकअपमध्ये फारसं नव्हतंच. ते त्यांच्या पंचवीस वर्षांच्या तारांत होतं, आणि थोरलीने त्यांच्याकडून उचललेल्या बोटांत.

पेडलचं भांडण मात्र धाकटीने जिंकलं. मामंजींचा एक जुना फझ पेडल आहे, आवाज फाडून खरखरीत करणारा. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. थंडीत त्याचा आवाज लोण्यासारखा, पण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. चैत्रातल्या जत्रेत, तापलेल्या पत्र्याच्या मांडवात तो तुटक थुंकल्यासारखा बोलतो. शिवाय असे बरेच जुने फझ गिटारसाठी केलेले, बासवर लावले की खालचा खर्जच खाऊन टाकतात. नव्या बास पेडलवर 'ब्लेंड' नावाचा नॉब असतो. मूळ स्वच्छ आवाज तसाच ठेवून त्यात फाटका आवाज हवा तेवढा मिसळायचा. ताकात मीठ घालावं तसं. आम्ही वापरलेला एक घेतला आणि तो मांडवातही टिकतो. एक सांगून ठेवतो, जुन्या फझपैकी बऱ्याच पेडलांची वीज उलट्या जोडणीची असते. नव्या पेडलांच्या अडॅप्टरवर ते जोडू नका, वेगळी बॅटरी लावा.

पुण्याच्या गृहस्थांना फोन करून पिकअप बदलल्याचं सांगितलं. चाळीसचे पंचवीस झाले. आम्ही नको म्हटलं. जुना पिकअप स्क्रूसकट डब्यात घालून कपाटात ठेवलाय, कधी कोणी वेढे नव्याने घालून देणारं भेटलं तर असावा.

नव्या तारा काढून मामंजींच्या जुन्याच परत चढवल्या. त्यातली सर्वांत जाड तार घोडीजवळ गंजू लागली आहे. थोरलीने फ्लॅटवाउंडचा एक नवा संच मागवून आणलाय. तो अजून पाकिटातच आहे.