शुल्कमाफी मागणे ही याचना नव्हे
(खलिफा सिटी येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ज्या घरांत आज बारावीची मुले आहेत, तेथे परीक्षेआधीच अर्जाच्या शुल्काची चिंता सुरू होते. २०२५ च्या ‘नीट’ परीक्षेस भारतातील केंद्रासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास १,००० रुपये शुल्क होते. अबुधाबीसह परदेशी केंद्रांसाठी मात्र सर्वांनाच ९,५०० रुपये. अमेरिकेतील विद्यापीठांत प्रत्येक अर्जाचे शुल्क निराळे. अल्पवेतनी पालकास हा भार पेलत नाही आणि गुणी मूल अर्जच करीत नाही.

अमेरिकेत यावर उपाय आहे. ‘कॉमन अॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जातच शुल्कमाफी मागता येते. काही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांनाही ती देतात. मुदतीपूर्वी प्रवेश कार्यालयास लिहावे. पगाराचा दाखला व शाळेच्या समुपदेशकाचे पत्र जोडावे.

तरीही आपण संकोचतो. आम्ही डॉक्टर या नात्याने सांगतो, रुग्णाने दुखणे लपविले तर उपचार होत नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती भिक्षा नव्हती; शिक्षणानंतर संस्थानची सेवा करण्याचा करार होता.

आपल्या मुलांनीही असाच करार मानावा : माफी मिळाली, तर कमावते झाल्यावर एका मुलाचा अर्ज भरावा. परदेशी केंद्रांवर गरजूंना सवलत मिळावी, असे निवेदन संस्थेने परीक्षा यंत्रणेकडे पाठवावे. तोवर ते शुल्क आपण सभासदांनी उचलू या.

जयभीम!