८०८५ स्वतः लिहून पाहा



पत्रिकेवर विषय छापलाय ‘एमुलेटर : एक छंद’. मी मात्र एक आग्रह घेऊन आलोय. संगणक आतून कळावा असं ज्याला वाटतं, त्यानं एखाद्या जुन्या प्रोसेसरचा एमुलेटर स्वतः लिहावा. आणि आपल्याकडच्या माणसानं तो ८०८५चा लिहावा. डिप्लोमा, इंजिनियरिंग केलेली बरीच मंडळी समोर दिसताहेत. रमेश गावकरांचं जाडजूड पुस्तक, लॅबमधलं किट, त्यावरचे लाल आकडे त्यांना आठवत असतीलच. (हशा) तेव्हा रजिस्टर, स्टॅक वगैरेंत वेळ घालवत नाही. मेमरीतून बाइट उचलायचा, त्याचा अर्थ लावायचा, चिपनं जे केलं असतं ते आपल्या प्रोग्रॅमनं करायचं, की पुढचा बाइट. एमुलेटरचं काम एवढंच.

यावरून एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत आटोपतो. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. त्यात इंटेलचा ८०८०, म्हणजे आपल्या ८०८५चा थोरला भाऊ. बिल गेट्स आणि पॉल ॲलननी अल्टेअरवाल्यांना कळवलं, आमच्याकडे याची बेसिक भाषा आहे. भाषा तयार नव्हती आणि यंत्रही जवळ नव्हतं! (हशा) ॲलननी ८०८०चं मॅन्युअल घेतलं आणि हार्वर्डच्या पीडीपी-१० या संगणकावर त्या चिपची हुबेहूब नक्कल उभी केली. गेट्स आणि माँटी डेव्हिडॉफ यांची बेसिक त्या नकलेवर चालली. मग कागदी टेप घेऊन ॲलन अल्टेअरवाल्यांकडे अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला लागलं तेव्हा लक्षात आलं, टेप मेमरीत चढवणारा लोडर लिहायचाच राहिलाय. तो त्यांनी बसल्या जागी, हातानं, मशीन कोडमध्ये लिहिला. खऱ्या अल्टेअरवर बेसिक सुरू झाली, दोन अधिक दोन विचारल्यावर चार उत्तर आलं. मायक्रोसॉफ्टचा इतिहास सांगताना सगळे बेसिकचं नाव घेतात. माझ्या मते पहिला मान त्या एमुलेटरचा आहे.

आता ८०८५कडे. प्रत्येक दशमान अंक चार बिटांत ठेवून २९ आणि १८ मिळवा. आपल्याला हवेत ४७. चिप सोळाच्या हिशेबानं मिळवते, म्हणून ॲक्युम्युलेटरमध्ये येतात ४१. मग डीएए ही सूचना त्यात सहा मिळवून ४७ करते. पण सहा मिळवायचे हे तिला कळतं कसं? ४१कडे पाहून कसलाच संशय येत नाही. नऊ आणि आठ मिळवताना खालच्या चार बिटांतून हातचा एक वर गेला, याची नोंद फक्त ऑक्झिलरी कॅरी या फ्लॅगमध्ये असते. परीक्षेत आपण तो फ्लॅग चौकटीत मांडतो आणि विसरतो. एमुलेटर लिहिणाऱ्याला विसरून चालत नाही. तो हातचा जपला नाही, तर प्रोग्रॅम कुठेतरी पुढे, भलत्याच जागी चुकतो, आणि मग माग काढत या बेरजेपर्यंत यावं लागतं. तेव्हा फ्लॅग खरा समजतो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. (हशा) मग ८०८५च्या सूचनांच्या २५६ कोडांपैकी मॅन्युअलमध्ये न छापलेल्या दहांची कहाणी राहू द्या; ते वापरणाऱ्यांनीच शोधून काढले, एवढं लक्षात ठेवा.

मागून कुणी म्हणालं, जुनाट चिप आहे. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत ८०८५चीच ८०सी८५ ही आवृत्ती होती! तयार एमुलेटर फुकट मिळतात हेही खरं, पण ते वापरून ते सहा कुठून आले हे कळणार नाही.

प्राध्यापक मंडळींना विनंती आहे : किटवरचं एक प्रॅक्टिकल कमी करा आणि मुलांकडून एमुलेटर लिहून घ्या. बाकीच्यांनी आज घरी जाऊन एमव्हीआय, एडीडी आणि एचएलटी या तीनच सूचनांपासून सुरुवात करा. डीएए शेवटी घ्या.