गादीचा अधिकार

सत्तेचे प्रकार म्हटले की माक्स वेबरची त्रयी आठवते: परंपरेची सत्ता, अलौकिक व्यक्तिमत्त्वाची सत्ता आणि कायद्याची सत्ता. खाने सोयीचे आहेत. मराठी राज्य मात्र त्यांतल्या कुठल्याही एकात मावत नाही. राजाचा हात पोचत नाही तिथेही लोक त्याचा शब्द का मानतात, हा प्रश्न मला प्रकारांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. किल्ले, फौज, वसूल हे सारे शिवाजी महाराजांकडे आधीच होते. मग विधीचा एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण आदिलशाहीच्या लेखी ते बंडखोरच होते आणि कित्येक मराठे सरदार स्वतःला त्यांच्या बरोबरीचे समजत. अभिषेकाने एका व्यक्तीचा अधिकार गादीचा झाला. तरी तो केवळ मंत्रांनी रुजला नाही. वर्षभर आधी, मे १६७३ मध्ये, चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना महाराजांनी ताकीद दिली होती: रयतेकडून काही फुकट घेऊ नका, नाहीतर तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. आपल्याच फौजेला अशी वेसण घालणारा राजा रयतेने आधी मान्य केला होता.

कसोटी लागली १६८९ मध्ये. संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. तरी झुंज औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, १७०७ पर्यंत, चालली. हे सारे वतनाच्या लोभाने झाले, असा आक्षेप घेतला जातो. लोभ होताच; सरदार बाजूही बदलत. पण मनसबी तर बादशहाही देत होता, आणि त्याचा खजिना कितीतरी मोठा. खजिना रिकामा असलेल्या राजाच्या वतनपत्रासाठी माणूस झगडतो, तेव्हा हा कागद उद्या खरा ठरेल असे तो धरून चालतो. अधिमान्यता म्हणतात ती हीच.

पुढे सत्ता पुण्यात गेली, पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत राहिली. १८१८ मध्ये पेशवाई बुडवणाऱ्या इंग्रजांनीही प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले; जेत्यालाही त्या नावाची गरज भासली. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून कंपनीने तेच राज्य खालसा केले, तेही नियमावर बोट ठेवून. कायदेशीर आणि अधिमान्य यांतले अंतर इथे उघडे पडते. त्यावर आपल्यात मतभेद होतील, व्हावेतही. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.