अंडे उकडताना

अंडे उकडणे ही स्वयंपाकातील अगदी पहिली पायरी समजली जाते. ज्याला चहापलीकडे काही करता येत नाही, त्यालाही अंडे उकडता येते असा सार्वत्रिक समज आहे, आणि कठीण उकडलेल्या अंड्यापुरता तो खराही आहे. पण एखाद्याला पांढरा भाग नीट बसलेला आणि बलक मात्र काकवीसारखा ओघळता हवा असला, म्हणजे या सोप्या कामातील अवघडपण लक्षात येऊ लागते. मग कोणी तीन मिनिटे सांगतो, कोणी पाच, कोणी सात. प्रत्येकाचा अनुभव त्याच्या घरी खरा असतो आणि शेजाऱ्याच्या घरी खोटा ठरतो.

याचे कारण अंड्याच्या घडणीत आहे. पांढरा भाग एकजिनसी दिसला, तरी त्यात अनेक प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी एक ६१-६२ अंश सेल्सिअसलाच गोठू लागते. परंतु ज्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक, ते प्रथिन ८० अंशांच्या आसपास गेल्याखेरीज घट्ट होत नाही. बलकाची तऱ्हा वेगळी. तो ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० च्या सुमारास थिजतो. म्हणजे, नीट पाहिले तर, पांढऱ्याच्या आधी घट्ट व्हायला बलकच तयार बसलेला असतो! तो ओला राहतो तो केवळ मध्यभागी असल्यामुळे. उष्णता बाहेरून आत शिरत जाते. ती पांढऱ्यातून पुरती गेलेली असावी आणि बलकात पुरती पोचलेली नसावी, असा क्षण साधून अंडे बाहेर काढायचे असते. हा क्षण घड्याळावरून ओळखायचा, पण घड्याळ भिंतीवर असते आणि उष्णता अंड्यात. दोहोंचा मेळ दर स्वयंपाकघरात निराळा पडतो.

अंड्याच्या आकाराने तो बदलतो. गावरान कोंबडीचे ४० ग्रॅमचे अंडे आणि बाजारातले ६० ग्रॅमचे अंडे एकाच पातेल्यात सोडले, तर मोठ्याला सुमारे तीस टक्के अधिक वेळ लागतो. शीतकपाटातून थेट काढलेल्या अंड्याला आणखी मिनिटभर द्यावे लागते. थंड पाण्यात अंडी घालून पाणी तापवण्याची पद्धत घरोघर आहे. पण पाणी किती, भांडे कसले, आच केवढी, यांवर सारे अवलंबून राहते आणि हिशेब हुकतो. त्यापेक्षा पाण्याला उकळी येऊ द्यावी, मग अंडी पळीने हलकेच सोडावी आणि तेथून मिनिटे मोजावी, हे अधिक खात्रीचे. समुद्रसपाटीवर मध्यम आकाराचे अंडे अशा रीतीने चार-पाच मिनिटांत बाहेर काढले, तर बलक वाहता राहतो. सहा-सात मिनिटांत तो मुरंब्याच्या पाकासारखा दाटतो. दहा मिनिटांत कठीण होतो. घरात चार खाणारे आणि चौघांच्या चार आवडी असल्या, तरी चार भांडी नकोत. सर्व अंडी एकदम सोडून एकेक वेळेवर उचलावे. उचललेले अंडे लगेच गार पाण्यात टाकणे मात्र विसरू नये. बाहेरच्या थरात साठलेली उष्णता चुलीवरून उतरल्यावरही आत शिरतच असते, आणि मऊ म्हणून काढलेले अंडे ताटात येईपर्यंत घट्ट झालेले असते.

मुंबईच्या या मिनिटांवर विसंबून कोणी बदलीच्या गावी गेला, तर त्याची फसगत ठरलेली. दर तीनशे मीटर चढावर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना, आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास. तेथे आच कितीही वाढवली तरी पाणी अधिक जोराने खळखळते, अधिक तापत मात्र नाही. लेहला डाळ शिजवायला प्रेशर कुकरवाचून गत्यंतर नसते. अंडे तेवढे हट्टी नाही, ते उकडते, पण काही मिनिटे अधिक मागते. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळते. तेथे बलक थिजेल आणि पांढरा भाग लिबलिबीत राहील. गंमत अशी की जपानात गरम पाण्याच्या झऱ्यांत सावकाश ठेवून नेमके असेच अंडे मुद्दाम करतात आणि आवडीने खातात.

फार उकडण्याचाही दोष आहे. पांढऱ्यातून गंधकाचा वायू सुटतो, बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि बलकाभोवती हिरवट-काळपट कडे उमटते. ते पाहून अंडे नासले असे समजून टाकून देणारे पुष्कळ. वास्तविक ते अपायकारक नाही, फक्त वेळ हुकल्याची ती खूण आहे. सोलण्याच्या बाबतीत तर ताजेपणाच आडवा येतो. आजचे घातलेले अंडे सोलू जावे, तर टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. सच्छिद्र कवचातून कर्बवायू निघून जाऊन पांढरा भाग अधिक अल्कधर्मी झाला, म्हणजे आतला पापुद्रा सुटा होतो. आठवड्याचे अंडे म्हणूनच सुखाने सोलले जाते.

आवडीला एक मर्यादा मात्र मानलीच पाहिजे. अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि ओल्या बलकात ते जिवंत राहतात. लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि आजारातून उठलेली माणसे यांना बलक पुरता थिजलेलेच अंडे द्यावे. अशक्त माणसाला अर्धेकच्चे अंडे ‘पचायला हलके’ म्हणून प्रेमाने भरवण्याची चाल अनेक घरांत आहे. ज्याच्या अंगी प्रतिकारशक्ती सर्वांत कमी, त्यालाच असा धोका पत्करायला लावला जातो. ताकदीसाठी दुधात कच्चे अंडे फोडून पिणाऱ्यांचीही निराशाच आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजून पाहिले, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचल्याचे आढळले. कच्च्यातील जेमतेम ५० टक्के.

२०२५ साली इटलीतील संशोधकांनी पांढरा आणि बलक या दोघांनाही आपापले तपमान मिळावे अशी युक्ती प्रसिद्ध केली. अंडे दोन मिनिटे उकळत्या पाण्यात आणि दोन मिनिटे ३० अंशांच्या पाण्यात, असे आलटून पालटून एकूण ३२ मिनिटे ठेवायचे. बलक ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतो आणि पांढराही नीट बसतो. सकाळी कचेरी गाठणाऱ्याला हे परवडण्याजोगे नाही. त्याने सुटीच्या दिवशी एकाच मापाची तीन अंडी घ्यावी, पाच, सहा आणि सात मिनिटांनी एकेक काढून फोडून पाहावी, आणि जे जिभेला पटले त्याची मिनिटे पेन्सिलीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावी. बदली झालीच, तर नव्या गावी पुन्हा तीन अंडी.