उसासा आणि फिर्याद : एका लॅटिन क्रियापदाची कथा



घरात कुरकुर असते, कचेरीत तक्रार असते, न्यायालयात फिर्याद असते आणि देवापुढे गाऱ्हाणे असते. यांपैकी बऱ्याच छटा प्राचीन रोमनांच्या एकाच क्रियापदात सामावल्या होत्या. ते क्रियापद म्हणजे ‘क्वेरोर’. त्याची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

प्रथम त्याचे कूळ पाहू. वर्तमानकाळी ‘क्वेरोर’ म्हणणारा रोमन भूतकाळी मात्र ‘क्वेस्तुस सुम’ म्हणे. मुळातला ‘स’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला की लॅटिनमध्ये त्याचा ‘र’ झाला. ‘त’च्या आधी तो तसाच राहिला. हा ‘स’ ध्यानात घेऊन व्युत्पत्तिकार या धातूचे नाते संस्कृत ‘श्वस्’ धातूशी जोडतात. आपला श्वास त्यातलाच आणि उसासाही त्यातलाच. म्हणजे तक्रारीचा जन्म शब्दात नव्हे, सुस्काऱ्यात झाला. रोमन कवी पाखरांच्या करुण स्वरांनाही हेच क्रियापद लावीत, ते काही उगाच नव्हे.

याचे रूप कर्मणी, पण अर्थ कर्तरी. ‘बोलणे’, ‘मागोमाग जाणे’ अशी इतरही लॅटिन क्रियापदे याच जातीची आहेत. तेव्हा त्यात मुद्दाम काही तत्त्वज्ञान शोधू नये. तरीही सोसलेला माणूसच बोलू लागतो, हे या रूपाकडे पाहून आठवल्यावाचून राहत नाही.

आता उपयोग. ज्याविषयी तक्रार करायची, त्याच्याआधी ‘दे’ येई. ज्याच्यापुढे करायची, त्याच्याआधी ‘अपुद’. सालुस्तने युगुर्थाच्या युद्धाचा इतिहास लिहिला, त्याच्या पहिल्याच वाक्यात हे क्रियापद आहे : मनुष्यजात आपल्या स्वभावाविषयी खोटीच तक्रार करते, असे तो बजावतो. उलट, यापासून झालेले ‘क्वेरेला’ हे नाम कायद्यात मानाने बसले. बापाने मृत्युपत्रात अन्यायाने डावललेले मूल याच नावाचा दावा लावून ते मृत्युपत्र रद्द करवू शके. इंग्रजीतला ‘क्वॉरल’, म्हणजे भांडण, हा शब्द या ‘क्वेरेला’चाच वंशज.

याच्याशी गल्लत होईल असे दुसरे क्रियापद म्हणजे ‘क्वायरो’ : शोधणे, विचारणे, चौकशी करणे. त्यातून ‘क्वायस्तिओ’ हा शब्द झाला. दोन्ही कानाला जवळची, पण कुळे निराळी. इ. स. पू. १४९ मध्ये रोमने अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीची चौकशी करणारे कायम न्यायालय स्थापिले. त्याचे नाव ‘क्वायस्तिओ’. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने तो प्रांत लुटला, तेव्हा तेथील लोकांनी आपले गाऱ्हाणे सिसेरोकडे नेले. सिसेरोने स्वतः सिसिलीत हिंडून पुरावा गोळा केला. इ. स. पू. ७० मध्ये खटला उभा राहिला आणि निकालाची वाट न पाहता व्हेरेस रोम सोडून गेला. सिसिलीचा उसासा जुनाच होता. त्याला चौकशी भेटली, तेव्हा त्याचे बळ झाले.

आपला ‘तक्रार’ शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणे’. ऐकणारा कोणी नसला की गाऱ्हाण्याची हीच गत होते. माणूस तेच ते बोलत राहतो आणि आपण त्याला रडगाणे म्हणून मोकळे होतो. म्हणून आमची विनंती एवढीच : कोणी कुरकुरला, तर त्याला गप्प करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. उसासा टाकणे त्याच्या हाती आहे. चौकशी करणे आपल्या.