जादा वर्गातून मुलाला केव्हा मोकळे करावे?



अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा भरण्यापूर्वी वा सुटल्यावर जादा वर्ग चालविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. दानशूर मंडळी त्यासाठी सढळ हस्ते साहाय्यही करतात. मुलाला अशा वर्गात केव्हा घ्यावे याची चर्चा पुष्कळ होते; त्यातून केव्हा मोकळे करावे याचा विचार क्वचितच होतो. बहुधा सत्र संपले की वर्ग संपतो. मूल वाचू लागले की नाही, हे जणू दिनदर्शिकाच ठरविते!

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी या प्रशिक्षणाचा काळ किमान तीन महिने व कमाल दोन वर्षे ठरविला. मुदतवाढ वेळोवेळीच्या मूल्यमापनावर सोपविली. त्याहून मोलाची तरतूद पुढे आहे. नेहमीच्या वर्गात गेल्यावरही शिक्षकाने त्या मुलाकडे विशेष लक्ष देत राहावे, म्हणजे ते अभ्यासाने आणि मनानेही इतरांत मिसळेल, असे तेथे म्हटले आहे. कागदावरचे हे वाक्य वर्गात कितपत उतरते, हा प्रश्न निराळा.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात आखलेल्या वाचन-साहाय्य योजनेत मुलाला रोज अर्धा तास एकट्याने शिकविले जाई. साधारण बारा ते वीस आठवड्यांत मूल वर्गाच्या सरासरीला पोहोचले व स्वतःच्या बळावर पुढे जाऊ लागले की ते बाहेर पडे; न पोहोचलेल्याला पुढील साहाय्याकडे पाठविले जाई. येथे ‘सरासरी’पेक्षा ‘स्वतःच्या बळावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

कारण एका चाचणीवर विसंबणे धोक्याचे असते. पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे बोट कित्येकदा भलत्याच ओळीवर असते! शिवाय ज्यांना एखाद्या दिवशी सर्वांत कमी गुण पडले, त्यांपैकी काहींचे गुण पुढच्या वेळी काही न शिकविताही वाढतात. त्या दिवशी ताप असेल, भूक असेल. म्हणून पूर्वी न पाहिलेला उतारा, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा वाचावयास द्यावा आणि नेहमीच्या वर्गशिक्षकांचे मतही घ्यावे.

विनाकारण ठेवून घेणे हाही अन्यायच होय. पालकांना फुकटची शिकवणी हवीशी वाटते, वर्ग चालविणाऱ्यांना पटसंख्या हवी असते. मुलाचे खेळ, चित्रकला मात्र बुडतात, आणि ‘ढ’ हा शिक्का पक्का होतो.

मोकळे केलेल्या मुलाचे नाव वहीतून लगेच खोडू नये. दीड-दोन महिन्यांनी त्याला पुन्हा एक नवा उतारा द्यावा, आणि ते अडखळले तर गाजावाजा न करता काही दिवस परत बोलवावे.