बाळपणाची कादंबरी लिहिण्यापूर्वी

कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुणास पहिला विषय सुचतो तो बहुधा स्वतःच्या बाळपणाचा. ते स्वाभाविकच होय. सामग्री मिळवण्यासाठी त्याला कोठे जावे लागत नाही. ती घरातच असते. म्हणून तो म्हणतो, "मला वाचण्याची काय गरज? घडले तेच लिहितो." आणि येथेच तो फसतो. न वाचता लिहिणारा मनुष्य पुष्कळदा दुसऱ्याचेच बाळपण स्वतःच्या नावाने लिहून काढतो. आमच्या जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्यासारख्या रानातल्या गावीही होतकरूंच्या वह्यांत मला हेच आढळते. आई आली की ती श्यामची आई होते, आणि मुलगा कॉलेजात गेला की तो 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणू लागतो, म्हणजे कोसलाचा पांडुरंग सांगवीकर होतो. ज्याने ही पुस्तके वाचलेलीच नाहीत त्याच्याही वहीत हे साचे उतरतात, कारण ते हवेत असतात. साचा कोणाचा हे कळावे म्हणून तरी मूळ पुस्तके वाचली पाहिजेत.

वाचताना एकच प्रश्न मनाशी धरावा. गोष्ट सांगतो आहे तो कोण? मूल, की ते मूल मोठे होऊन झालेला माणूस?

आरंभ हरिभाऊ आपट्यांपासून करावा. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी यमूला स्वतःच्या तोंडून बोलावयास लावले. तिच्या आधी, १८५७ साली, बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले होते, आणि त्यांची यमुना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहत हिंडते. नावे जवळजवळ एकच, पण पहिली यमुना आपल्याला दुःख दाखवते, तर दुसरी त्या दुःखात लहानाची मोठी होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचली म्हणजे उपदेशपर कथा आणि वाढत्या वयाची कादंबरी यांतले अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मग १९३५ सालची दोन पुस्तके घ्यावीत. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी म्हैसूरच्या आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही इंग्रजी कादंबरी आली. श्याम मोठा झाल्यावर मित्रांना रात्रीमागून रात्र आपली गोष्ट सांगतो. पोहावयास जात नाही म्हणून आईने दिलेला मारही त्याला आता कृपाप्रसाद वाटतो. स्वामीला मात्र काहीच कळलेले नाही. तो शाळेतून पळतो, रानात वाट चुकतो, आणि वनाधिकाऱ्याच्या हाती लागतो. क्रिकेटचा सामना हुकला, हेच त्याचे महान दुःख! आमच्याकडच्या मुलांना हा रानातला स्वामी लगेच पटतो. रान आणि वनाधिकारी दोन्ही त्यांच्या ओळखीचे आहेत.

आम्हा कॅथलिकांत कुमसार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापकबुली देण्याची रीत आहे. तेथे मनुष्य झालेल्या गोष्टीवर आजचा निवाडा देऊनच बोलतो. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षी केलेल्या नासपतींच्या चोरीचा असाच कसून झाडा घेतला आहे. साने गुरुजींची रीत या घराण्यातली आहे आणि ती थोर आहे. परंतु कादंबरीकाराने ती जपून वापरावी. चोरी करताना मुलाला फळ गोड लागले असेल, तर ते आधी गोडच लागू द्यावे.

घडलेले तसेच्या तसे लिहावे काय? याला उत्तर डिकन्सचे. वयाच्या बाराव्या वर्षी, बाप कर्जापायी तुरुंगात असता, तो बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात राबला. ही लाज त्याने स्वतःच्या मुलांनाही सांगितली नाही. ती जगाला कळली त्याच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पण 'डेव्हिड कॉपरफील्ड' मध्ये तिची दारूच्या बाटल्यांची वखार झाली होती. वस्तू बदलली, लाज तीच राहिली.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. लेखक पंचवीस वर्षांचा आणि नायकही तेवढाच, म्हणजे निवाडा देण्यास लागणारे अंतरच नाही. सांगवीकर थट्टा करतो, रोजनिशी लिहितो, कशालाच गंभीर म्हणत नाही. मग धाकटी बहीण मनी मरते आणि ती थट्टा त्याच्या उपयोगी पडत नाही. अनुकरण करणारे थट्टा उचलतात. मनी त्यांच्यापाशी नसते.

आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) वाचावी ती शेतात राबणाऱ्या मुलाला शाळेसाठी बापाशी कसे झुंजावे लागते हे पाहण्यासाठी. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) नववीतल्या मुलाच्या डोळ्यांनी आणीबाणी पाहते. मुलाला राजकारण अर्धेच कळते आणि लेखक ते अर्धेच ठेवतो.

सीमाभागातील लेखकाने मात्र प्रकाश नारायण संतांपाशी अधिक काळ थांबावे. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे कथासंग्रह आहेत खरे, पण ओळीने वाचले तर लंपनची ती एक कादंबरीच होते. आईबापांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा बेळगावकडची कानडी वळणाची मराठी बोलतो, आणि संतांनी ती पुण्याच्या इस्त्रीखाली घातली नाही. आमच्या मुलांच्या घरी कोकणी, शाळेत कन्नड आणि भजनात मराठी. वहीत लिहावयास बसले की ती तिन्ही पुसून पाठ्यपुस्तकातली चौथीच भाषा काढतात. तीत आजी बोलू लागली की आजी राहत नाही, मुख्याध्यापिका होते.

याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणाऱ्या काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तेव्हा आठदहा वर्षांचे असलेले मूल आज मध्यमवयीन आहे आणि त्याची कादंबरी माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही. ती लिहिणाऱ्याला 'विस्थापित' हा शब्द ठाऊक असणारच, पण त्या मुलाला तो ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होती शाळेची वाट, कोणाच्या तरी परसातला फणस, आणि बांधाबांध करताना मोठी माणसे हळू आवाजात का बोलत आहेत हे न उमगणे. हे त्याने कोणत्या भाषेत सांगावे, ते त्याने लंपनची चारही पुस्तके वाचून झाल्यावर ठरवावे.